नऊ घरांचा फुलारी

शरणप्पा फुलारी शिखांच्या गल्लीत पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या आणि त्याच्या भावाच्या खांद्यावर फुलांचे विमान होते. विमान म्हणजे बांबूची चौकट, चार कोपऱ्यांना केळीचे खुंट, वर झेंडूची कमान आणि आत एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा. लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून नेतात आणि बसवूनच पुरतात. शरणप्पाच्या घराण्याला मयताचे काम म्हणजे हेच काम ठाऊक होते. त्या दिवशी किशनसिंग सरदारांचे वडील वारले होते. गल्लीत मयत झाले आहे, फुले घेऊन ये, एवढाच निरोप त्याला मिळाला आणि त्याने पुढचे काही विचारले नाही. पहाटेपासून खपून त्याने विमान सजवले, सरदारांच्या ओट्यासमोर आणून ठेवले आणि वर पाहिले, तर म्हातारे सरदार धुतलेल्या कपड्यांत, डोक्याला पागोटे आणि कमरेला कृपाण अशा वेशात अर्थीवर आडवे निजवलेले होते.

मी समोरच्या घरात भाड्याने राहत होतो. बिदरला येऊन मला चारच महिने झाले होते. सरकारी शाळेत मी गणित शिकवी. तिथे त्या विषयाला रियाजी म्हणत. जमलेल्या माणसांत एक-दोघे तोंड फिरवून हसले ते मी पाहिले. शरणप्पाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. त्याचे वय तेव्हा तिशीच्या आसपास असेल, अंगाने काटकुळा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. किशनसिंग सरदार उठले, विमानाशी येऊन बसले आणि कमानीतला एकेक झेंडू सोडवू लागले. ते पाहून गल्लीतल्या बायकाही बसल्या. अर्ध्या तासात विमानाचे नुसते बांबू उरले आणि म्हातारे सरदार गळ्यापासून पायापर्यंत फुलांनी झाकले गेले.

तिसऱ्या दिवशी शरणप्पा माफी मागायला आला. सरदार ओट्यावर बसले होते. सहा फुटांवर दोन बोटे उंच, खजिन्याच्या पहाऱ्यावरचे शिपाई, आवाज तसाच. ते म्हणाले की चूक काही झाली नाही, आमच्यात फुलांची जरूरीच नसते. अरदासची प्रार्थना झाली, सोहिल्याचा पाठ वाचला, की झाले. त्यावर शरणप्पा जे बोलला ते त्याच्या तोंडून मी पुढे कितीदा तरी ऐकले.

"जरूरी असतंय ते लाकूड, सरदार. जरूरी नसतंय तेच फूल."

आणि त्याने आपणहून शब्द दिला की या गल्लीतले कोणीही यापुढे फुलांवाचून जाणार नाही. गल्लीत शिखांची नऊ घरे होती. निजामाच्या जमियतीत, म्हणजे फौजेत, पूर्वी कधी उत्तरेकडून आलेली, आता चार पिढ्यांत इथलीच झालेली माणसे. घरात दखनी बोलत, बाजारात मराठी आणि कानडी. त्यांना कुणाचा शब्द मागायची सवय नव्हती. सरदारांनी हसून मान हलवली, इतकेच.

पुढची तेवीस वर्षे मी त्याच घरात राहिलो आणि तेवीस वर्षे हा माणूस पाहत होतो. माझ्या मोजणीप्रमाणे त्यांतल्या पहिल्या बावीस वर्षांत गल्लीतून सत्तावीस अर्थ्या निघाल्या. सत्तावीसही फुलांनी झाकलेल्या निघाल्या. दुष्काळाच्या साली एका म्हातारीच्या अर्थीवर मुठीएवढीच शेवंती होती, पण होती.

तो हार ओवी तेव्हा फुले कानडीत मोजी, बोले मराठीत आणि घासाघीस करी दखनीत. साठ झेंडूंचा एक हार. एकसष्टावे फूल मी त्याच्या हारात कधी पाहिले नाही. गुरुपुरबाच्या, म्हणजे गुरूंच्या जयंतीच्या, आदल्या दिवशी तो गुरुद्वाऱ्याच्या पायरीवर डोक्याला फडके बांधून बसे. ग्रंथसाहेबांच्या पालखीचे फूल ओवताना तोंडात पान नाही, आणि फूल नाकाजवळ न्यायचे नाही. हे त्याला कुणी शिकवले नव्हते. शीख लोक ग्रंथाला जिवंत गुरू मानतात, पहाटे उठवतात, रात्री निजवतात, एवढे त्याने पाहिले होते. बाकीचे त्याचे त्याने ठरवले. जिवंत माणसाच्या ताटातले आपण आधी चाखतो का, असे तो मला विचारी. मयताच्या हाराला गाठ मारायची की मोकळा सोडायचा, हे त्याने एकदा सरदारांना विचारले. सरदार म्हणाले, तुला वाटेल तसे कर. तेव्हा त्याने गाठ मारली. मोकळा सोडला तर वाटेत फुले सांडतील आणि कुणाच्या तरी पायाखाली येतील, हे त्याचे कारण.

त्याची स्वतःची बाग गावकुसाबाहेर होती, वीसेक गुंठ्यांची. झेंडू, शेवंती, मोगरा. गुलाब मात्र तो अष्टूरच्या वाटेवरच्या हुसेनसाबकडून घेई. हुसेनसाब म्हणजे एकटाच राहणारा म्हातारा माळी, दाढी मेंदीने रंगवलेली, ऐकायला थोडा कमी. शरणप्पा त्याच्या कुंपणाशी उभा राहून हाक मारी. आतून "आव अप्पा, कित्ते होना?" असे उत्तर येईपर्यंत तो फाटकाला हात लावत नसे. एकदा मी बरोबर होतो. फाटक सताड उघडे, गुलाब हाताला लागतील इतके जवळ आणि हुसेनसाब विहिरीवर मोट हाकण्यात गुंतलेला. आम्ही पाऊण तास उन्हात उभे होतो. मी वैतागून म्हणालो की अरे, इतकी वर्षांची ओळख, चार फुले तोड आणि नंतर सांग. त्याने माझ्याकडे, वर्गातल्या ढ मुलाकडे मी पाहतो तसे पाहिले.

"फूल झाडाचं नसतंय मास्तर, पाणी घालणाऱ्याचं असतंय. त्यानं व्हय म्हणल्याबिगर तोडलं आन् मढ्यावर ठेवलं, तर मेलेला माणूस चोरीचं घेऊन जायलाय की."

मी पुन्हा कुंपणाला टेकून उभा राहिलो. शरणप्पाशी वाद घालण्यात सरदारांना फार मौज वाटे. संध्याकाळी तो आला की ते त्याला आपल्या खाटेच्या कडेवर बसवत आणि म्हणत, शरणप्पा, मला बसवून नेऊ नकोस बरे, आधीच माझे गुडघे दुखतात. शरणप्पा त्यांना डोक्यापासून पायापर्यंत नजरेने मापी आणि म्हणे, "तुमाला निजवूनच न्यावं लागंल, पर दोन हार जास्त लागत्यात. आधी सांगून मरा." सरदारांच्या बायकोला, बिबीजींना, ही थट्टा मुळीच आवडत नसे. आतून भांडे आपटल्याचा आवाज येई.

ही थट्टा बंद झाली ती प्रीतम गेला तेव्हा. सरदारांना एकच मूल. एकोणीस वर्षांचा पोरगा, विषमज्वराने बावीस दिवसांत गेला. माझ्या वर्गात तीन वर्षे बसलेला. अपूर्णांकांत कच्चा, पण उत्तर चुकले तर स्वतःच सांगणारा. त्या दिवशी शरणप्पाने झेंडू आणला नाही. मोगऱ्याच्या न उमललेल्या कळ्या आणल्या, टोपलीभर. त्याने त्या एकेक करून ओळीने मांडल्या. अर्थी उचलायची वेळ झाली तरी कुणी त्याला घाई केली नाही. शिखांत मोठ्याने रडायचे नसते, जे झाले ते देवाच्या मर्जीने झाले असे म्हणायचे असते. बिबीजी रडल्या नाहीत. सगळे उठल्यावर त्या शरणप्पासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अप्पा, सरदारजीका वक्त आया तो बी तुमीच आना. हमारा अब कोई नहीं है आनेवाला."

शरणप्पा म्हणाला, "येतो, अक्का."

त्यानंतर आठ वर्षे गेली. शेवटची दोन वाईट होती. रझाकारांच्या दिवसांत नऊ घरांतली पाच घरे नांदेडला निघून गेली. शरणप्पाचा बैल कुणी सोडून नेला. त्याची बायको आधीच वारली होती. मुलगी मन्नाएखेळ्ळीला दिलेली. जावई येऊन त्याला बळेच घेऊन गेला. दोन महिन्यांनी तो परतला तेव्हा त्याच्या बागेत शेळ्या चरत होत्या आणि पावसाळा असूनही उघडी मातीच जास्त दिसत होती. त्याने पुन्हा झेंडू लावला, पण त्याला फूल यायला दसरा उजाडणार होता. सरदारांनी तेव्हा अंथरूण धरले होते. शरणप्पा रोज येऊन त्यांच्या पायाशी बसे. एकदा परतताना माझ्या ओट्यापाशी थांबून म्हणाला की दसऱ्यापर्यंत तग धरावा म्हाताऱ्यानं. इतका साधा हिशेब त्याने मला कधी घातला नव्हता, आणि इतका अवघडही.

सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या. चार-पाच दिवसांत निजामाचे राज्य संपले. आम्हाला वाटले, सुटलो. त्यानंतर खेड्यांतून आणि बिदरच्या भोवतीही जे झाले ते आमच्या बाजूच्या माणसांनी केले. आजवर जे भ्याले होते त्यांनी ते केले आणि जे मुसलमान बिचारे कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्यांच्यावर केले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण न लिहिले तर पुढचे सांगता येणार नाही. शहरात लष्कराचा पहारा होता. दुपारी दोननंतर घराबाहेर पाऊल टाकायला बंदी.

त्या आठवड्यात एका पहाटे सरदार गेले.

मीच शरणप्पाला सांगायला गेलो. तो बागेतल्या खोपीसमोर उभा होता. माझा चेहरा पाहून त्याला कळले. त्याने बागेवरून एकदा नजर फिरवली, टोपली आणि ओला पंचा घेतला, आणि म्हणाला, "हुसेनसाबकडं गुलाब हाय." मी हिशेब केला. जायला पाऊण तास, तोडायला अर्धा, यायला पाऊण. धरून चला दोन तास. साडेसात वाजले होते. मी म्हणालो की दहापर्यंत येशील, मी त्यांना थांबवतो. बाहेर काय चालले आहे याच्या अफवा मीही ऐकल्या होत्या, त्यानेही. दोघांपैकी कुणी तो विषय काढला नाही. मी माझ्या बेरजेत फक्त वाट धरली होती.

घरी सरदारांना न्हाऊ घालून झाले, अरदास झाली. आम्ही अकरा माणसे होतो, त्यांत शीख सहा. दहा वाजले. मी म्हणालो, येतोच आहे. अकरा वाजले. बारा वाजले. बिबीजी दाराशी उभ्या होत्या आणि गल्लीच्या तोंडाकडे पाहत होत्या. साडेबाराला गुरुद्वाऱ्याचे भाईजी मला बाजूला घेऊन म्हणाले की मास्तर, स्मशान दीड मैल, दोनच्या आत परतले पाहिजे. मी बिबीजींकडे गेलो. मला काही बोलावे लागले नाही. त्यांनी मान हलवली आणि आम्ही अर्थी उचलली. पांढऱ्या चादरीवर काही नव्हते.

चितेला अग्नी देऊन आम्ही मागे सरलो तेव्हा मला शरणप्पा दिसला. स्मशानाच्या बांधावर, शंभर पावलांवर उभा होता. हातातल्या पंच्यात रस्त्याकडेचा पिवळा तरवड बांधलेला होता. तो पुढे आला नाही. आमची माणसे घाईने निघाली होती. त्याला पाहणारा मी एकटाच. मी त्याच्याजवळ गेलो तर त्याने तरवड तिथेच बांधावर ठेवला आणि माझ्याबरोबर चालू लागला. वाटेत त्याने सांगितले, तुटक तुटक.

फाटक उघडे होते. गुलाब फुलले होते, दोन दिवस कुणी तोडले नसावेत असे, जास्त उमललेले. त्याने हाक मारली. उत्तर आले नाही. म्हातारा नमाजाला बसला असेल म्हणून थांबला. पुन्हा हाक मारली. ऐकू येत नसेल म्हणून कुंपणाला फेरी घालून विहिरीच्या बाजूने मारली. मग कुंपणाशी बसला. मग उठून मारली. हुसेनसाब कुठे जाणार, झाडे टाकून जाणारा माणूस न्हवं तो, असे तो मला दोनदा म्हणाला. ऊन डोक्यावर आले तेव्हा त्याला कळले की उशीर झाला. तेव्हाही आत गेला नाही. परत पळत येताना रस्त्याकडेचा तरवड ओरबाडला, कारण त्याला पाणी घालणारे कुणी नव्हते.

मी त्याला म्हणालो, "तोडायची होतीस. आजच्या दिवशी तरी."

"मला बी तसंच वाटायलंय," तो म्हणाला. "पर आता वाटून काय."

मी त्याला बिबीजींकडे चल म्हणालो. जे झाले ते सांग, त्या समजून घेतील. तो चालता चालता थांबला. कारण सांगायचे म्हणजे माफी मागायची, आणि ज्याची मागायची तो तिथे जळतोय, तिच्याकडून कशी मागू, असे काहीसे तो म्हणाला. मग मला बजावले की तुम्हीही सांगू नका. मी कबूल केले.

दुसऱ्या दिवशी हुसेनसाब सापडला. बागेतल्याच विहिरीत होता, आणि लष्कराच्या डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे तीन दिवसांपासून होता. कुणी मारले ते त्या वाटेवरच्या सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणी बोलले नाही. शरणप्पाला ही बातमी मी सांगितली नाही. ती त्याला आधीच पोचली होती. सकाळभर ज्याला तो हाका मारीत होता तो तिथून चाळीस पावलांवर होता. यापलीकडे त्यात सांगण्यासारखे काही नाही.

चौथ्या दिवशी बिबीजी निघाल्या. सरदारांच्या अस्थी गोदावरीत सोडायच्या होत्या आणि भोगाचा, म्हणजे समाप्तीचा, पाठ नांदेडलाच त्यांच्या भावाच्या घरी व्हायचा होता. परत येणार नव्हत्या. घराला कुलूप घालून किल्ली त्यांनी भाईजींना दिली. लष्कराच्या ट्रकामागून चार गाड्यांचा ताफा जाणार होता आणि गाडीवान घाई करीत होता. मी सामान चढवू लागलो. गाडीत बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले आणि हळू आवाजात विचारले,

"मास्टरजी, शरणप्पाकू कहाँ मारे?"

मला क्षणभर प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या की मैंने अरदास में उसका बी नाम लिया, सरदारजी के साथ. तो येणार नाही असे होणे शक्य नव्हते. तेव्हा मारलाच असणार, असे त्यांनी धरले होते.

मी म्हणालो, "त्याला मारले नाही, बिबीजी. तो आहे."

"जिंदा है?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग ओढणी पुढे ओढून घेतली. मला जे विचारले त्याचे उत्तर मी दिले होते, बरोबर दिले होते. उरलेले माझ्या जिभेवर होते, पण मी शब्द दिला होता, आणि शब्दाचा विचार करेपर्यंत गाडी हलली. नांदेडला पत्र लिहावे असे मी पुढे कितीदा ठरवले. पत्ता मिळाला तोवर भावाकडून निरोपच आला, बिबीजी वारल्याचा.

दिवाळीनंतर माझी बदली औरादला झाली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी शरणप्पाकडे गेलो. पुढच्या चैत्रात तो गेल्याचे मला तिकडेच कळले, तेव्हा हीच आमची शेवटची भेट. झेंडू वाफ्यात फुलून, सुकून, देठावरच काळा पडला होता. दसरा-दिवाळीचा एकही हार त्याने ओवला नव्हता. त्याने मला घोंगडीवर बसवले. शाळेचे, औरादच्या बाजाराचे, पाण्याचे बोलणे झाले. मी उठायला लागलो तेव्हा त्याने विचारले की जाताना अक्का काही म्हणाली होती व्हय. दीड महिना त्याने हे विचारले नव्हते.

मी त्याच्याशी कधी खोटे बोललो नव्हतो. त्यांनी काय विचारले ते मी जसेच्या तसे सांगितले. अरदासीत त्याचे नाव घेतल्याचेही सांगितले.

"मग तुमी काय म्हणलाव?"

"जिवंत आहे म्हणालो."

त्याने पंचा उचलून खांद्यावर टाकला, पुन्हा काढून मांडीवर ठेवला.

"मेला म्हणायचं होतं, मास्तर," तो म्हणाला.